झेंडीची बराक

७ जानेवारी
छावणीच्या दवाखान्याबाहेरून

भावजी,

नमस्कार. यापुढे खुशाली लिहायची रीत आहे, पण सगळं ठीक असतं तर मी तुम्हाला पत्र लिहिलं नसतं हे तुम्हालाही ठाऊक आहे. फोन लावला होता. तुम्ही उचलला नाहीत. तक्रार नाही. माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नका असं मीच म्हणाले होते. तुम्ही ते फोनलाही लावलंत, एवढंच.

तुमचा पुतण्या दवाखान्यात आहे.

मी दुकानात होते. बांधणीला आलेल्या पुस्तकांच्या तावांच्या घड्या घालत होते, हाताला चिकटवायची खळ लागलेली. मालकांनी फोन माझ्या कानाला धरला. पलीकडचा माणूस म्हणाला, "अमुक क्रमांकाच्या रंगरुटाच्या आई का?" मी म्हटलं, क्रमांक मला पाठ नाही, मुलगा पाठ आहे. तो म्हणाला, न्यूमोनिया आहे, निघून या.

न्यूमोनिया! म्हाताऱ्यांना होतो, तान्ह्यांना होतो. आपला बोका दुकानातलं कागद कापायचं यंत्र एकट्यानं सरकवायचा. तुम्हीच त्याला बोका म्हणायला लागलात, दुधाच्या पातेल्यावरून. इथेही सगळे त्याला बोकाच म्हणतात. त्यानंच सांगितलं असणार.

भावजी, मला माझा मुलगा ओळखता आला नाही. मोठी खोली आहे, दोन्ही बाजूंनी खाटा, आणि खाटांवर सगळे एका वयाचे, एका हजामतीचे, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. छात्या दारासारख्या रुंद आणि श्वास मात्र चिमणीसारखा. मी एकेका खाटेपाशी थांबत गेले. शेवटी पायांवरून ओळखला. टाचेवरची ती खूण, तुम्ही सायकल शिकवताना साखळीत पाय गेला होता ती.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. उभ्या उभ्या चहा पितात आणि तो अर्धाच राहतो. म्हणाल्या, "आजार अंगावर काढला. ताप चढलेला असताना धावलाय हा."

"कोणाला दिसलं नाही?"

"बाई, इथे कोणी एकटा खोकतच नाही."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. आजारी म्हणून नाव लागलं की पोरगा मागच्या तुकडीत ढकलला जातो. सगळी कवायत पुन्हा पहिल्यापासून, दोस्त पुढे निघून जातात. म्हणून हवालदारानं "कोण खोकला?" असं ओरडून विचारलं की अख्खी बराक एकदम खोकते. धरणार कोणाला?

शेजारच्या खाटेवरचा मुलगा मुखवटा बाजूला करून म्हणाला, "काकू, आम्ही नुसते खोकत नाही, सुरात खोकतो. आणि शेवटचा माझा असतो, तानेसकट." आणि त्यानं करून दाखवला. खालून वर चढत गेलेला, शेवटी मुरकी घेतलेला खोकला. मला हसू आलं, तेही तिथे. बाई ओरडल्या, "मुखवटा लाव आधी!" त्याला सगळे गवई म्हणतात. बोक्याची आणि त्याची खाट बराकीतही शेजारी होती, इथेही शेजारीच आहे.

बोका डोळे उघडतो, मला पाहतो आणि मिटतो. बोलत नाही.

मी तुमच्याकडे काही मागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्याला कळवायचं, म्हणून कळवलं.

तुमची वहिनी


११ जानेवारी

भावजी,

त्याला श्वासाच्या यंत्रावर घेतलंय. घशात नळी घातली आहे, झोपवून ठेवलंय. त्याची छाती आता यंत्राच्या तालावर वर-खाली होते. इतकी शिस्तीत की बघवत नाही. यांना इथे शिस्तच शिकवायची होती ना.

आज एक गोष्ट झाली, ती सांगते. आम्हा आईबापांमध्ये कुजबूज चालू होती की बराकीत घाण असणार, पोरांना उकिरड्यात ठेवलं असणार. ते छावणीच्या साहेबांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, चला, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

दाराशी एक छोटी तांबडी झेंडी लावलेली. सर्वांत स्वच्छ बराकीला ती मिळते, आणि ज्यांच्याकडे झेंडी त्यांना रविवारी बाहेर फिरायची मुभा. या तुकडीनं ती आल्यापासून कोणाला घेऊच दिलेली नाही. साहेब म्हणाले, "धुळीचा एक कण दाखवा."

खरंच नव्हता. फरशीत मला माझंच तोंड दिसलं, केस विस्कटलेले, साडी कशीही खोचलेली. माझ्याबरोबर एका पोराचे वडील होते, गवंडीकाम करतात. वाकून फरशीवर हात फिरवून म्हणाले, "आमच्या घरच्या आरशात मी इतका बरा दिसत नाही." खाटांवर कांबळी विटांसारखी घडी करून ठेवलेली, कडा सुरीनं कापल्यासारख्या. जी मुलं अजून आजारी पडलेली नाहीत, किंवा तसं म्हणतात, ती खाटांपाशी ताठ उभी होती. आणि हवा, भावजी! दुकानात पावसाळ्यात खोली बंद ठेवून खळ शिजवली की जशी होते तशी जड हवा. पॉलिशचा वास आणि पोरांचा वास.

मी एकाला विचारलं, "बाळा, या खाटेवर झोपता कसे?"

त्यानं हवालदाराकडे पाहिलं. हवालदार म्हणाला, "सांग की, आई विचारतेय."

"झोपत नाही काकू. लावलेली खाट मोडली तर सकाळी पुन्हा इतकी नीट लागत नाही. खाली झोपतो."

"खाली कुठे?"

"मधे. सगळे चिकटून. ऊब असते."

हवालदाराचं तोंड उघडंच राहिलं. त्याला हे ठाऊक नव्हतं, मी शपथेवर सांगते. तोही माझ्याइतकाच गार पडला होता.

मी खिडकी उघडायला गेले. उघडेना. फटीत वर्तमानपत्राच्या कागदाच्या पट्ट्या घट्ट ठासलेल्या होत्या, सगळ्या खिडक्यांना, बाहेरच्या मैदानाची धूळ आत येऊ नये म्हणून. मी नखानं एक पट्टी ओढून काढली. हातात घेतली.

त्या पट्टीबद्दल लिहायला बसले होते. पण आज हात चालत नाही. गवई चार दिवसांपूर्वी मला सुरात खोकून दाखवत होता, आज तो उठून बसूही शकला नाही. इतकं पटकन कसं होतं? मी इतकी पुस्तकं वाचली, कधी मधूनच, कधी शेवटाकडून, जो ताव हाताला लागेल तो, पण असं कुठेच नव्हतं. पुस्तकातली माणसं मरायला निदान पानं तरी घेतात.

वहिनी


१४ जानेवारी

भावजी,

गवई गेला.

सकाळी मी त्याच्या ओठांना ओला कापूस लावला होता. बोक्याला लावला, मग त्याला लावला, कारण त्याची आई अजून वाटेत होती. मी डबा धुवून परत येईपर्यंत त्याच्या खाटेभोवती पडदा ओढलेला. माझ्या हातातून डबा पडला आणि त्या फरशीवर लांबपर्यंत घरंगळत गेला. तो उचलायला कोणी वाकलं नाही. डॉक्टरीणबाई पडद्यातून बाहेर आल्या, भिंतीला टेकल्या आणि मला म्हणाल्या, "तो माझ्यापेक्षा दणकट होता हो." जणू मी त्यांना काही विचारलं होतं.

त्याची आई दुपारी आली. मी तिला धरून होते. ती रडली नाही. मलाच विचारत राहिली, "पण ही खोली तर किती स्वच्छ आहे? ही तर किती स्वच्छ आहे?"

आता ती पट्टी.

मी तावांच्या घड्या घालते तेव्हा शेवटचं टोक आत वळवून खोचते, म्हणजे घडी सुटत नाही. दुकानात दुसरं कोणी तसं करत नाही. मालक म्हणतात, तुम्ही उगाच वेळ खाता. बोका लहानपणी माझ्या पायाशी बसायचा तेव्हा मी त्याला तीच घडी शिकवली, त्याच्या कागदी होड्या पाण्यात उलगडू नयेत म्हणून. बराकीच्या खिडकीतून मी जी पट्टी ओढून काढली, तिचं टोक आत खोचलेलं होतं. दुसरी काढली, तिचंही. सगळ्यांचं. एका पोरानं सगळ्या बराकीला शिकवलेली घडी.

घडी माझी. पण युक्ती कोणाची, भावजी?

माझ्या स्वयंपाकघरात बसून तुम्ही किती वेळा ती गोष्ट सांगितलीत! तुम्ही आणि हे, दोघे भाऊ एकाच तुकडीत रंगरूट, आणि झेंडी कशी कोणाला हात लावू दिली नाही. खिडक्यांच्या फटीत कागद. खाटेला अंग लावायचं नाही. फरशीवर पाय टाकायचा नाही, पायाखाली फडकी घेऊन घसरत जायचं. तुम्ही माझी दोन फडकी घेऊन घसरून दाखवलं होतंत आणि पिठाच्या डब्यावर जाऊन आपटलात. पांढरे झालात नखशिखांत. बोका हसून हसून जमिनीवर लोळला. "काका, परत! काका, परत!" आणि हे हसता हसता उठायचे आणि खिडकी उघडायचे. दर वेळी. मी ओरडायचे, गारठा कशाला आत घेताय?

ती गोष्ट त्यानं जिवापाड जपली. बाप घाटात ट्रकखाली गेल्यावर त्याच्याकडे बापाची हसरी आठवण तेवढीच तर उरली होती. तुम्ही त्याला मला न सांगता भरतीला नेलंत, मी तुम्हाला वाटेल ते बोलले, आणि तो मात्र ती गोष्ट घेऊन इथे आला. आपल्याही तुकडीला झेंडी मिळवून देईन म्हणाला असेल. दिली.

काल साहेब दवाखान्यात आले आणि त्यांनी मोठ्यानं विचारलं, खिडक्या बंद करायची कल्पना कोणाची? सगळ्या खोलीत नळ्यांचा आवाज. मग कोपऱ्यातल्या एकानं हात वर केला. "माझी." पलीकडच्यानं केला. "माझी, साहेब." मग सगळ्यांनी. ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांनी नुसतेच हात वर केले, सुया टोचलेले, चिकटपट्ट्या लावलेले. गवईनंसुद्धा. तेव्हा तो होता. फक्त आपला बोका झोपलेला, त्याला काही पत्ता नाही, आणि सगळी खोली त्याला पाठीशी घालतेय.

मी गप्प बसले असते, भावजी. खरंच सांगते. पोरांनी इतक्या मायेनं झाकलेलं मी कशाला उघडू? साहेब त्याला काढून टाकतील, त्याहून वाईट म्हणजे गवईच्या आईला कळेल. पण आज बाहेर नळावर डबा घासताना समोरच्या बराकीकडे लक्ष गेलं. तिथली मुलं धडधाकट आहेत अजून. कवायत करून आली, हसत-खिदळत. आणि आत गेल्यावर एकानं खिडकी लावून घेतली आणि फटीत काहीतरी दाबायला लागला. झेंडी आता मोकळी झालीय ना. ती मिळवायची आहे त्यांना.

मी डबा तिथेच टाकला. डॉक्टरीणबाईंना गाठलं. म्हटलं, ही युक्ती माझ्या घरातली आहे. माझ्या नवऱ्याची आणि दिराची, आणि इथे आणली माझ्या मुलानं. त्याचं काय करायचं ते तो उठल्यावर करा, पण आधी जाऊन सगळ्या बराकींच्या खिडक्या उघडा.

त्या चहा ठेवून धावल्या. गवईची आई तिथेच बाकावर होती. तिनं सगळं ऐकलं. माझ्याकडे बघत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता तुम्हाला एकच विचारते, आणि याचं उत्तर मला हवं आहे. तुमच्या वेळी त्या बंद बराकीत कोणीच आजारी पडलं नव्हतं? की तेवढा भाग तुम्ही दोघांनी गोष्टीत सांगितला नाही?

वहिनी


२३ जानेवारी
हे पत्र फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवते आहे

भावजी,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. "वहिनी, एक होता. आम्ही त्याला गोष्टीत घेतलं नाही. येतो."

मी ते वाचलं आणि कागद उलटून मागे आणखी काही आहे का ते पुन्हा पुन्हा बघत राहिले. बाजूच्या बायकांना वाटलं माझ्या पोराचं काही झालं. मी मानेनंच नाही म्हटलं. काय सांगणार? की माझा नवरा गेला त्याला इतकी वर्षं झाली, आणि आज मला त्याच्याबद्दल नवीन कळलं?

हे एकदाही बोलले नाहीत. जेवताना नाही, आजारपणात नाही. मला वाटायचं मला त्यांचं सगळं माहीत आहे, बनियनच्या भोकापर्यंत. आता ते हसताना आठवतात आणि मी त्यांच्या तोंडाकडे पुन्हा बघते. हसता हसता उठायचे, खिडकीशी जायचे, पाठ आमच्याकडे करून उभे राहायचे. आणि मी म्हणायचे, गारठा कशाला आत घेताय.

तुमच्यावर ओरडायचं त्राण नाही माझ्यात. तुम्ही दोघे तेव्हा बोक्याएवढेच होतात. एवढ्या वयात असं काही पोटात ठेवायचं म्हणजे त्यावर हसण्याचं झाकण घालावं लागत असेल. पण झाकण तेवढंच पोरापर्यंत पोचलं, भावजी. खालचं नाही पोचलं.

इकडचं सांगते. सगळ्या बराकींच्या खिडक्या उघड्या आहेत, काहींच्या तर झडपाच काढून टाकल्यात. पोरं खाटांवर झोपतात, एकाचं डोकं इकडे तर शेजारच्याचं तिकडे. ज्यांना ताप आहे ते स्वतःहून सांगायला येतात, कारण मागच्या तुकडीत ढकलायचं साहेबांनी सध्या बंद केलंय. बराकीत मैदानाची धूळ येते. हवालदार स्वतः झाडू घेऊन दारात उभा असतो, पण खिडकीला हात लावत नाही. झेंडी कुठे गेली, मी विचारलं नाही. बोक्याचं काय करायचं ते साहेबांनी अजून सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

गवईच्या आईनं जाताना माझ्या हातात त्याचा रुमाल दिला. म्हणाली, "तुमच्या मुलाला द्या. दोघांची खाट शेजारी होती." मला त्या बाईच्या पाया पडायचं होतं, पण तिनं हात असा घट्ट धरला होता की वाकता आलं नाही. रुमाल माझ्या पिशवीत आहे. बोक्याला अजून दिलेला नाही.

परवा त्याची नळी काढली. आवाज फाटलेला आहे, बोलताना थकतो. पहिला शब्द "पाणी" होता, दुसरा "आई", आणि तिसऱ्यांदा तो नुसताच शेजारच्या खाटेकडे बघत राहिला. तिच्यावर आता दुसराच मुलगा आहे, त्याच हजामतीचा. मी म्हटलं, "गवईला दुसऱ्या खोलीत हलवलंय." हे वाक्य माझ्या तोंडातून इतकं सहज आलं की माझी मीच चरकले. आपल्या घरात हे सगळ्यांनाच जमतं म्हणायचं.

आज सकाळी आयाबाई खिडक्या उघडत होत्या. गार वारा आला आणि बोका खोकला. खरा खोकला, छातीतून आलेला. कोपऱ्यातल्या मुलाच्या अंगात जुनी खोड, तोही खोकला, मुद्दाम. मग पलीकडचा. मग एकेक करून सगळे, बसक्या, फाटक्या आवाजात. डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या, ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडल्या नाहीत. बोक्याच्या तोंडावर हसू आलं, इथे आल्यापासून पहिलं. मलाही बरं वाटलं, वाटलं की पोरं परत येतायत.

मग सगळे थांबले.

तो मात्र वाट पाहत होता. मान किंचित तिरकी करून, दाराकडे कान लावून. दुसऱ्या खोलीत असला तरी त्याला ऐकू गेलंच असणार ना. शेवटचा त्याचाच असतो. तानेसकट.

बोका पुन्हा खोकला. या वेळी मुद्दाम, होता नव्हता तेवढा जोर लावून. आणि थांबला. खोलीत कोणी हललं नाही. सगळ्या मुलांनी तोंडं भिंतीकडे केली होती.

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला काही सांगावं लागलं नाही.

तेव्हापासून तो छताकडे बघत पडून आहे. थोड्या वेळानं फाटक्या आवाजात एवढंच म्हणाला, "काकांच्या वेळी तर कोणाला काही झालं नव्हतं." मी त्याचं पांघरूण वर ओढलं. ते उत्तर माझं नाही.

तुम्हाला आत सोडायला पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय. आधी कुठे थांबू नका, सरळ त्याच्या खाटेपाशी जा. मी तिथेच असेन. त्याला ती गोष्ट परत सांगा. फडक्यांवर घसरलात तेही सांगा, पिठाचा डबाही. आणि जो होता, त्याला या वेळी गोष्टीत घ्या. त्याला काय म्हणत होतात, तो कसा हसायचा, सगळं. बोक्याचे वडील तेव्हा कुठे उभे होते तेही. मलाही ऐकायचं आहे.

आत येताना अंगात गरम कपडे असू द्या. इथे खिडक्या उघड्या असतात.

वहिनी